ओटा नवा, वायर जुनी

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात संस्थेच्या प्रांगणात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सर्वप्रथम संस्थेला पंचवीस वर्षं पूर्ण झाली त्याबद्दल आपणा सर्वांचं मनापासून अभिनंदन. वडीगोद्रीसारख्या गावात सहकारी तत्त्वावर घरं बांधायची आणि पंचवीस वर्षं एका जिन्यानं चढ-उतर करायची, याला चिकाटी लागते. आयटीआयमध्ये मुलांना विजेचं काम शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून सचिवसाहेबांनी मला बोलावलं. विषयही त्यांनीच दिला. म्हणाले, "सर, पंचवीस वर्षं झाल्यामुळं घरोघरी किचनचं काम निघालंय. ओटा फोडतात, ट्रॉल्या बसवतात, नवनव्या मशिनी येतात. त्यात विजेचं काय बघायचं, तेवढं सांगा."

मी म्हटलं, आधी मला काही घरं बघू द्या. गेल्या आठवड्यात समितीनं मला सहा घरांची स्वयंपाकघरं दाखवली. कुणाचं घर ते मी सांगणार नाही, काळजी नसावी. सहाही घरांत ओटा सुंदर होता. पण भिंतीच्या आतली वायर सहाही घरांत पंचवीस वर्षांपूर्वीचीच होती. दोन घरांत बोर्डाला तीन भोकांचं सॉकेट होतं, पण वरच्या मोठ्या भोकाच्या मागं वायरच नव्हती. म्हणजे अर्थिंग फक्त दिसायला. आज मला बोलायचंय ते यावरच.

तेव्हाचं स्वयंपाकघर आणि आजचं

ही इमारत झाली तेव्हा स्वयंपाकघरात काय होतं आठवा. एक ट्यूब, एक पंखा, एक मिक्सर. फ्रिज ज्याच्याकडं होता त्याच्याकडं. वायरिंग करणाऱ्यानं तेवढ्याच हिशेबानं वायर ओढली, आणि त्या काळाला ती बरोबरच होती.

आज काय आहे? मिक्सर ७५० वॅटचा. मायक्रोवेव्ह चालू केला की १२०० वॅटच्या आसपास खेचतो. इंडक्शन शेगडी २००० वॅट. पाणी तापवायची किटली १५०० वॅट. भांडी घासायला इन्स्टंट गीझर ३००० वॅट. शिवाय एक अश्वशक्तीची घरघंटी, म्हणजे साधारण ७५० वॅट, आणि मोटर सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट करंट.

इंडक्शनचं तर आता सरकारही सांगतंय. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं 'गो इलेक्ट्रिक' मोहीम सुरू केली, त्यात विजेवरच्या गाड्यांबरोबर विजेवरचा स्वयंपाकही होता. आपल्या जिल्ह्याला इंडक्शन नवीन नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत ज्या इंडक्शन भट्टीत भंगार वितळतं, त्याच तत्त्वावर तुमच्या ओट्यावर भाजी शिजते. फरक एवढाच की कारखानदार भट्टी आणायच्या आधी केबल, ट्रान्सफॉर्मर, अर्थिंग सगळं नवं करतो. आपण शेगडी आणतो आणि मिक्सरच्या सॉकेटात खुपसतो.

नियम नेमकं काय म्हणतो

पुष्कळांना वाटतं, माझ्या घरातली मशीन मी बदलली तर त्यात नियम कसला? नियम आहे आणि शहाणपणाचा आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ४५ वा नियम होता. पुढं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे विनियम २०१० मध्ये आले, २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. पण मूळ तत्त्व तेच राहिलं. सोप्या भाषेत सांगतो. दिवा, पंखा, फ्यूज, बटण, घरगुती उपकरण हे जुनं काढून नवं लावायला परवानाधारक माणूस लागत नाही. मात्र एक अट आहे: त्या बदलामुळं तुमच्या वीजजोडणीची क्षमता किंवा तिचं स्वरूप बदलता कामा नये. बदललं, तर काम परवानाधारक ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमनच्याच हातून झालं पाहिजे.

क्षमता आणि स्वरूप हे दोन शब्द लक्षात ठेवा.

मिक्सर जळाला, तेवढ्याच ताकदीचा दुसरा आणला. खुशाल लावा. फ्रिज जुना झाला, नवा आणला. लावा, पण अर्थिंग तपासून लावा. गॅसच्या जोडीला इंडक्शन आणलं, तर क्षमता बदलली. साध्या नळाच्या जागी इन्स्टंट गीझर आला, क्षमता बदलली. ओटा या भिंतीवरून त्या भिंतीला नेला आणि बोर्ड सरकवला, तर स्वरूप बदललं. बाल्कनी बंद करून तिथं घरघंटी आणि वॉशिंग मशीन ठेवलं, तर दोन्ही बदललं.

म्हणजे दुकानातून खोकं घरी आणल्यावर पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: 'जुन्या मशीनपेक्षा ही जास्त वीज ओढते का? हिची जागा बदलली का?' दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर प्लग लावा. एकाचंही उत्तर 'हो' असेल तर आधी वायरमनला बोलवा.

शाळेतलं गणित

मुलांनो, हे गणित तुम्हाला येईल, घरी आई-बाबांना करून दाखवा. मशीनवर वॅट लिहिलेले असतात. त्याला २३० नं भागायचं, की अँपिअर आले. इंडक्शन २००० वॅट, भागिले २३०, आले साधारण ८.७ अँपिअर. आता सॉकेट बघा. बारीक भोकांचं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. ते जेमतेम १३८० वॅट सोसतं. जाड भोकांचं १६ अँपिअरचं, त्यालाच आपण पॉवर पॉइंट म्हणतो. इंडक्शनला पॉवर पॉइंटच पाहिजे.

कंपनीनं मशीनला जाड पिनांचा प्लग दिला असेल तर तो बारीक सॉकेटात जात नाही. हे मुद्दाम तसं केलंय. मग आपण काय करतो? बाजारातून एक कन्व्हर्टर आणतो आणि जाड पिन बारीक भोकात बसवतो. त्या छोट्याशा कन्व्हर्टरनं सगळी व्यवस्था मोडीत निघते. सहापैकी तीन घरांत मला तो दिसला. एका ठिकाणी तर प्लास्टिक पिवळं पडून वितळायला लागलं होतं.

वायर तापण्याचंही एक गणित आहे. करंट दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. करंट तिप्पट, उष्णता नऊपट. त्यात आपला मराठवाडा. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना भिंतीतली वायर आधीच तापलेली असते. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंशांपर्यंतच टिकावं असं धरलेलं आहे. थंड प्रदेशात जी वायर चालून जाईल, ती आपल्याकडं उन्हाळ्यात चालेलच असं नाही.

कुठं कोणती वायर हवी? दिवे-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर तांब्याची पुरते. १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटला किमान अडीच. ३००० वॅटचा गीझर असेल तर त्याला डिस्ट्रिब्यूशन बोर्डापासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची ओढा. जुने कारागीर अजून 'तीन-बावीस', 'सात-वीस' अशा भाषेत बोलतात. तीन-बावीस म्हणजे सव्वा चौरस मिलिमीटरच्या आत. तिच्यावर इंडक्शन चालवू नका. सात-वीस साडेचारच्या पुढं जाते, ती चालेल. आणि काही घरांत जुनी ॲल्युमिनियमची वायर निघाली तर तिला तांब्याची नुसती पिळून जोडू नका. तो जोड कालांतराने गंजतो, सैल होतो आणि तापतो. ती वायर बदलाच.

आपल्याकडची वायरिंगची मानकं असंही सांगतात की दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि भार ८०० वॅटच्या आत असावा. पॉवरच्या एका सर्किटवर दोनपेक्षा जास्त १६ अँपिअरचे पॉइंट नकोत. मी पाहिलेल्या एका घरात मायक्रोवेव्ह, फ्रिज, घरघंटी आणि वॉटर प्युरिफायर एकाच वायरीवर होते, तेही एक्स्टेंशन बोर्डानं.

एमसीबी पडते, म्हणून मोठी लावली

हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा ऐकलंय. 'सारखी एमसीबी पडायची, मग ३२ ची टाकून दिली, आता काही त्रास नाही.' अहो, एमसीबी वायरीची राखण करते. वायर सोसणार नाही एवढा करंट गेला की ती पडते. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी केली, तर राखणदाराला सुट्टी दिल्यासारखं झालं. मग एमसीबीच्या आधी वायर जळते. सूत्र साधं आहे: मशीनच्या करंटपेक्षा एमसीबी मोठी, आणि एमसीबीपेक्षा वायरीची ताकद मोठी. एमसीबी वारंवार पडत असेल तर भार वेगळ्या सर्किटवर घ्या.

अर्थिंग आणि आरसीसीबी

आता सर्वांत महत्त्वाचं. माता-भगिनींनी विशेष लक्ष द्यावं, कारण ओल्या हातानं मशीनला हात तुमचाच लागतो.

'फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात, पण चप्पल घातली की येत नाहीत.' हे मला या सहा घरांतही ऐकायला मिळालं. चप्पल हा त्यावरचा इलाज नव्हे. त्या फ्रिजच्या पत्र्यावर वीज उतरलेली आहे आणि तिला जमिनीत जायला वाट नाही, म्हणून ती तुमच्यातून वाट शोधतेय. नातवंडं अनवाणी फ्रिज उघडतात. फरशी पुसताना सगळीकडं पाणी असतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ या एका वर्षात देशात विजेच्या धक्क्यानं बारा हजारांहून अधिक माणसं गेली. त्यातली किती शेतातली, किती घरातली हे बाजूला ठेवू. पण झिणझिण्या आल्या म्हणजे आपल्याला आधी सूचना मिळाली, एवढं समजा.

तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची पिन जाड आणि लांब असते. का? प्लग घालताना ती सर्वांत आधी लागावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. फेज येण्याआधी संरक्षण येतं. ती पिन मोडून किंवा टू-पिन लावून काम भागवू नका.

पण पिन असून उपयोग नाही, जर तिच्यामागची हिरवी वायर थेट जमिनीतल्या खड्ड्यापर्यंत गेली नसेल. आणि खड्ड्याचंही एक आहे. आपली काळी माती पावसाळ्यात ओल धरते, तेव्हा अर्थिंग उत्तम लागतं. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, खाली मुरूम आणि खडक, आणि त्याच खड्ड्याचा विरोध कितीतरी वाढतो. समजा, तो तीस ओहम झाला. मशीनच्या पत्र्याला फेज चिकटला तर २३० भागिले ३०, साडेसात अँपिअरच्या आसपास करंट जमिनीत जाईल. १६ ची एमसीबी त्याला पडणार नाही. पत्रा तसाच जिवंत राहील. म्हणून खड्ड्याचा विरोध पाच ओहमच्या आत ठेवायची पद्धत आहे, आणि तो उन्हाळ्यात मोजायचा. पावसाळ्यात मोजलेला आकडा बघून समाधान मानू नका.

आणि एवढ्यानं भागत नाही, म्हणून आरसीसीबी. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला पाहिजे. कमी आला, तर बाकीचा कुठंतरी गळतोय, कदाचित माणसाच्या अंगातून. आरसीसीबी हा फरक मोजते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडते. घरगुती जोडणीसाठी विनियमांनी ही मर्यादा ३० मिलीअँपिअर ठरवली आहे. ओल्या हाताच्या माणसातून शंभर-दोनशे मिलीअँपिअर सहज जाऊ शकतात. ते जिवाला पुरेसे आहेत, पण १६ अँपिअरच्या एमसीबीच्या खिजगणतीतही नाहीत. एमसीबी वायरीसाठी, आरसीसीबी माणसासाठी, एवढं पाठ करा.

तिच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. पडली तर ठीक. पडली नाही तर बदला.

एक सावधगिरी. जुन्या घरात आरसीसीबी लावली की ती पुष्कळदा लगेच पडते. कारण दोन खोल्यांचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असतात, किंवा इन्व्हर्टरचा न्यूट्रल चुकीच्या जागी जोडलेला असतो. कारागीर कंटाळून म्हणतो, 'मशीनच खराब आहे,' आणि बायपास करून जातो. त्याला जाऊ देऊ नका. न्यूट्रल वेगळे करून घ्या. दोन तास जास्त जातील, पण काम पक्कं होईल.

कामाचा क्रम

आपल्याकडं आधी गवंडी येतो, मग प्लंबर, मग टाइल्सवाला, मग सुतार, आणि सगळं चकाचक झाल्यावर वायरमन. मग नवी टाइल फोडायला जीव होत नाही आणि वायर वरून लोंबते. क्रम उलटा करा. आधी कागदावर लिहा: कोणती मशीन कुठं ठेवायची आणि किती वॅटची. मग वायरमन. पाइप टाकून झाले की प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. उद्या कुणी ट्रॉलीसाठी भिंतीत ड्रिल मारताना तो फोटो उपयोगी पडेल.

सॉकेट नळाच्या आणि शेगडीच्या डोक्यावर नको. वायरवर आणि सॉकेटवर आयएसआय चिन्ह बघा. बिलावर 'मंजूर भार' असा रकाना असतो, तो वाचा. घरातल्या मशिनी त्याच्या फार पुढं गेल्या असतील तर महावितरणकडं भार वाढवायचा अर्ज करा. मीटरपर्यंतची जबाबदारी त्यांची, मीटरनंतरची आपली. काम झाल्यावर परवानाधारक ठेकेदाराकडून टेस्ट रिपोर्ट मागा. तो देत नसेल, तर त्याच्याकडं परवाना आहे का, हे विचारा.

संस्थेनं काय करावं

वायरिंग घराच्या आत असली तरी आग भिंत बघून थांबत नाही. मीटरची पेटी सगळ्यांची एक, अर्थिंगचा खड्डा सगळ्यांचा एक. म्हणून रौप्यमहोत्सवाची भेट म्हणून समितीसमोर चार सूचना ठेवतो.

पहिली: आदर्श उपविधींप्रमाणे घरात फेरबदल करायला समितीची लेखी परवानगी लागतेच. त्या अर्जात एक रकाना वाढवा: 'विजेचा भार किंवा जागा बदलणार आहे का? असल्यास ठेकेदाराचा परवाना क्रमांक.'

दुसरी: दरवर्षी एप्रिल-मे महिन्यात अर्थिंगचे खड्डे मोजून घ्या, पाणी-मीठ-कोळसा बघा आणि आकडा सूचनाफलकावर लावा.

तिसरी: पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं उपविधींप्रमाणे दर पाच वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करावं लागतं. त्याच वेळी मीटर पेटी आणि घरांतल्या वायरिंगचं परीक्षणही उरकून घ्या.

चौथी: सगळ्या घरांना एकदम आरसीसीबी बसवा. एकत्र घेतली तर स्वस्त पडते. कुणाला पैशांची अडचण असेल तर संस्थेनं आधी भरून हप्त्यानं घ्यावेत. सहकार याचसाठी असतो.

व्याख्यानानंतर विचारलेले काही प्रश्न

*भाडेकरू असेल तर वायरिंग कुणी बदलायची?*
बदलायची घरमालकानं. पण भाडेकरूनं नवं इंडक्शन किंवा गीझर आणण्याआधी मालकाला विचारलं पाहिजे. परवानगीचा अर्ज सभासदाच्याच नावानं जाईल.

*सगळं घर नव्यानं वायर करायला पैसे नाहीत. निदान काय करू?*
तीन गोष्टी, याच क्रमानं. आधी अर्थिंग आणि आरसीसीबी. मग ओट्याच्या पॉवर पॉइंटला डिस्ट्रिब्यूशन बोर्डापासून स्वतंत्र वायर. मग बाकीचं, जमेल तसं. तोपर्यंत गीझर आणि इंडक्शन एका वेळी चालवू नका.

*मेन स्विच बंद केला की बोर्ड उघडायला हरकत नाही ना?*
घरात इन्व्हर्टर असेल तर आहे. मेन बंद केल्यावरही इन्व्हर्टरची वीज बोर्डात येत असते. आधी इन्व्हर्टर बंद करा, मग टेस्टरनं बघा. आणि खरं तर बोर्ड तुम्ही उघडूच नका.

*कधी कधी अचानक सगळ्या घरात दिवे खूप प्रखर होतात. ते काय?*
न्यूट्रल, ज्याला आपण झिरो म्हणतो, तो कुठंतरी सैल झाला किंवा तुटला. अशा वेळी घरात २३० ऐवजी त्याहून कितीतरी जास्त, अगदी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. लगेच मेन बंद करा, शेजाऱ्यांना सांगा आणि महावितरणला कळवा. फ्रिज-टीव्ही याच वेळी जळतात.

*गॅस गळल्याचा वास आला तर पंखा लावायचा का?*
अजिबात नाही. कोणतंच बटण दाबायचं नाही. चालू असेल ते बंदही करायचं नाही. खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या.

*सर, फ्रिजला झिणझिण्या येतात त्या घरांनी आज रात्री काय करावं?*
आज रात्री त्या फ्रिजचा प्लग काढून ठेवा. दूध शेजारच्या फ्रिजमध्ये ठेवा. उद्या सकाळी वायरमन आला आणि हिरवी वायर जोडून गेला, की मगच प्लग लावा. पंचवीस वर्षं शेजारधर्म पाळलाय, एका रात्रीचं दूध ठेवायला कुणी नाही म्हणणार नाही.

सुवर्णमहोत्सवाला हीच सगळी कुटुंबं इथंच, सुखरूप असोत, ही सदिच्छा.